पैनगंगेच्या अलीकडं मराठा, पलीकडं कुणबी

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे, चहा घेऊन बसा. आणि पहिल्या चार ओळींतच "हा कोणाच्या बाजूचा" हे ठरवू नका, एवढी विनंती.

सध्या आपल्या जिल्ह्यात कुठल्याही घरी गेलं की एक प्लास्टिकची पिशवी समोर येते. सेनगाव असो, कळमनुरी असो, वसमत असो. पिशवीत आजोबांचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, १९५४-५५ च्या खासरा पत्रकाची झेरॉक्स, कोणीतरी मोबाईलवर काढून दिलेला उर्दू कागदाचा फोटो, आणि वहीच्या पानावर पेनाने काढलेली वंशावळ. "जरा बघा हो, जमतंय का?" असं विचारतात. मी काही वकील नाही, तहसीलातला बाबू नाही. पण मोडी थोडी वाचता येते आणि जुन्या कागदांचा नाद आहे, म्हणून लोक विचारतात. गेल्या दोन वर्षांत अशा बऱ्याच पिशव्या बघितल्या. त्यावरून जे वाटतं ते लिहितोय.

लिहायचं निमित्त मात्र वेगळं आहे. आमच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला होता. एका पोरानं लिहिलं, "एकदाची डीएनए टेस्ट करा, आम्ही कुणबीच निघू." त्यावर दुसऱ्या समाजातल्या पोरानं लिहिलं, "कराच डीएनए, कोण सरदार आणि कोण कुणबी ते कळेल." दोघंही एकमेकांच्या विरोधात, पण दोघांचा विश्वास एकाच गोष्टीवर. थुंकी बाटलीत घालून पाठवली की पणजोबाची जात छापून येते, असं दोघांनाही वाटतं. तर तसं काही येत नाही. का येत नाही, ते पुढं सांगतो. आधी नदीचं सांगतो.

सेनगावहून रिसोडला जाताना पैनगंगा लागते. अलीकडं हिंगोली जिल्हा, पलीकडं वाशीम. कळमनुरीकडून पुसदच्या बाजूला गेलं तरी तीच नदी, तिथं पलीकडं यवतमाळ. या नदीच्या दोन्ही काठांवर लग्नं किती पिढ्यांपासून होतात, ते घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा. आमच्याच भावकीत पाच-सहा लेकी पलीकडं दिलेल्या आहेत आणि तितक्याच सुना तिकडून आलेल्या. भाषा तीच, देवक पाळायची रीत तीच, हळदीची गाणी तीच, हुरडा तोच. फरक एवढाच की पलीकडच्या सोयऱ्याच्या पोराच्या दाखल्यावर कुणबी आहे आणि अलीकडच्या पोराच्या दाखल्यावर मराठा. एकाला ओबीसीचा अर्ज भरता येतो, दुसऱ्याला येत नाही. हे दोघं कोचिंगला नांदेडला एकाच खोलीत राहतात.

हा फरक आला कुठून? १८५३ साली निजामानं कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्या दिवसापासून पलीकडच्या काठावर इंग्रजांचा सर्व्हे, इंग्रजांची जनगणना, इंग्रजांच्या शाळेचं रजिस्टर. अलीकडं निजामाचा पटवारी, उर्दू दफ्तर, फसली साल. १९५६ साली मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही मुंबई राज्यात आले, तोवर शंभरावर तीन वर्षं होऊन गेली होती. तेवढ्या काळात एकाच माणसांची लिहिणारी माणसं दोन झाली. पुढं पंजाबराव देशमुखांच्या काळात विदर्भातल्या शेतकरी समाजानं कुणबी ही ओळख कागदावर पक्की केली. आपल्याकडं तसं सांगणारं कोणी झालं नाही. उलट मुलाचं नाव शाळेत घालताना 'मराठा' सांगण्यात मान वाटायचा. मास्तरनं विचारलं, बापानं सांगितलं, रजिस्टरात उतरलं. संपलं.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं आहे की जुना कागद बघताना त्यात आपला पणजोबा जेवढा दिसतो तेवढाच तो कागद लिहिणारा माणूसही दिसतो. आणि लिहिणाऱ्याला आपल्या २०२५ च्या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला सारा वसूल करायचा होता.

आता कागदांकडं येऊ. ७ सप्टेंबर २०२३ ला सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मराठवाड्यातले निजामकालीन कागद तपासायचे, कुणबी नोंदी शोधायच्या. त्या वेळी तपासायच्या कागदांची जी यादी आली ती मी दोनदा वाचली, कारण मजेशीर होती. खासरा, पाहणी, कुळ नोंदवही, १९५१ चं नागरिकांचं रजिस्टर, जन्ममृत्यूचा गाव नमुना १४, हे तर झालंच. शिवाय पोलिसांचं क्राइम रजिस्टर, अटक पंचनामे, तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांची वही, उत्पादन शुल्क खात्याची ताडीची वही, वक्फचे मुंतखब, दत्तकपत्रं, मृत्युपत्रं, बटाई पत्रकं. म्हणजे ज्याचा आजोबा सरळमार्गी, शाळेत न गेलेला आणि बिनजमिनीचा, त्याचा कागद मिळायची शक्यता सगळ्यात कमी. आणि ज्याचा आजोबा एखाद्या बांधाच्या भांडणात आत जाऊन आला, त्याच्या नातवाचं नशीब उघडलं. एका घरात तर "आमचा म्हातारा काहून एवढा गरीब स्वभावाचा होता" म्हणून हळहळ चालली होती. हसू आलं, पण त्यांचं बरोबर होतं.

नोंद सापडली तरी खरं काम पुढंच असतं. ती नोंद आपल्याच माणसाची, हे जोडून दाखवावं लागतं. जुन्या कागदात आडनाव नसतं. 'रामजी वल्द तुकाराम', बस्स. बाईचं नाव असलंच तर 'भ्रतार' अमुक. एका गावात एकाच काळी तीन रामजी आणि चार तुकाराम असू शकतात, आणि असतातही. आडनाव नंतर चिकटलेलं. कोणाला गावावरून, कोणाला पाटीलकी-देशमुखीच्या वतनावरून. आणि आडनावावरून जात काढायला जाल तर फसाल. पवार, जाधव, चव्हाण ही आडनावं आपल्याच जिल्ह्यात मराठ्यांत आहेत, तांड्यावर बंजाऱ्यांत आहेत, बौद्ध वस्तीतही आहेत.

त्यात फसली साल. फसली १३५० म्हणजे १९४०-४१. आकड्यात ५९० मिळवायचे हे माहीत नसलेला माणूस कागद शिवाजी महाराजांच्या आधीचा समजून हुरळतो. त्यात उर्दूचं शिकस्ता वळण, ज्यात नुक्ते टाकायचा कंटाळा, आणि मराठी नाव उर्दूत लिहिलेलं. त्यात शाळेच्या रजिस्टरात नुसतं 'कु.' असं अक्षर. आता हे कुणबी का कुमार? दोन माणसं शपथेवर दोन अर्थ सांगतील. एका कार्यालयात (नाव लिहीत नाही) मला जुनी वही बघायला दिली तेव्हा तिची पानं उंदरांनी कडेनं खाल्लेली होती, आणि नेमका जातीचा रकाना कडेलाच होता. तिथल्या कारकुनाचा दोष म्हणावा तर त्याच्याकडं कपाट नाही, खोली गळते.

कागद आणखी एका ठिकाणी असतात, ते आपण विसरतो. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया इथल्या तीर्थपुरोहितांच्या वह्या. तुमच्या गावाचं आणि कुळाचं नाव सांगितलं की कोण कधी दशक्रियेला, नारायण नागबळीला आलं होतं ते निघतं, खाली सहीसकट किंवा अंगठ्यासकट. कोल्हापूर-सांगलीकडं हेळवी घरोघर फिरून पिढ्या वाचून दाखवतात. भाट आपल्याकडंही येत. पण भाटाच्या पोथीत एक गोम आहे. बिदागी देणाऱ्याच्या घराण्याचं मूळ भाट नेहमी वरच नेतो. त्याच्या पोथीत कोणाचंही मूळ नांगराशी संपत नाही, कुठल्यातरी राजवाड्यात संपतं. आपल्या भागात "आम्ही मूळचे राजस्थानचे" किंवा "आम्ही मूळचे साताऱ्याकडचे" असं सांगणारी घरं किती आहेत, मोजून बघा. आणि "आमचे पूर्वज दुष्काळात पोटासाठी इकडं आले, कोणाच्या तरी शेतात सालगडी राहिले" असं सांगणारं घर एकही सापडत नाही. दुष्काळ तर इकडं पिढीआड पडत होते. मग ती माणसं गेली कुठं?

आता डीएनए.

शास्त्रज्ञ नाही मी, पण जे नीट समजलं तेवढंच सांगतो. बापाकडून मुलाकडं जो वाय गुणसूत्राचा धागा जातो तो फक्त बाप, आजा, पणजा, खापरपणजा अशा एका सरळ रेषेचा. आईकडून जो मायटोकॉन्ड्रियाचा धागा येतो तो फक्त आई, आजी, पणजी असा. दहा पिढ्या मागं गेलात तर तुमचे पूर्वज हिशेबानं १०२४ होतात. वाय गुणसूत्र त्यातल्या एकाबद्दल सांगतं. आईकडचा धागा आणखी एकीबद्दल. उरलेले १०२२ कोण होते? त्यांचे तुकडे बाकीच्या गुणसूत्रांत विखुरलेले असतात, आणि कित्येकांचा तर एकही तुकडा तुमच्यापर्यंत पोचलेला नसतो. वंशावळीत ते तुमचे पूर्वजच, रक्तात मात्र त्यांचा थेंब नाही.

हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी मिळून २००९ मध्ये आणि २०१३ मध्ये जे शोधनिबंध लिहिले, त्यांतून एक गोष्ट साफ दिसली. भारतातल्या जवळपास सगळ्या समाजांत दोन जुन्या लोकसमूहांची सरमिसळ आहे, फक्त प्रमाण कमीजास्त. ही सरमिसळ साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात जोरात झाली आणि त्यानंतर लग्नं जातीतल्या जातीत होऊ लागली. याचा अर्थ असा की आज जो छाती बडवून "आमचं रक्त वेगळं" म्हणतो, त्याच्या रक्तात तेच दोन घटक आहेत जे त्याच्या शेजाऱ्याच्या रक्तात आहेत.

'कुणबी' हा शब्द तर मुळात कामाचा आहे. कुळंबी, शेत कसणारा. नांगर धरण्याचं गुणसूत्र नसतं. आणि पैनगंगेच्या दोन्ही काठांवर लग्नं होत आली असतील, तर दोन्हीकडच्या लोकांचा डीएनए सारखाच निघणार. हे कळायला प्रयोगशाळा कशाला, जुन्या लग्नपत्रिका पुरतात. पण ते सारखेपण तहसीलातल्या टेबलावर चालत नाही, कारण कायदा रक्त विचारत नाही. महाराष्ट्रातला जात प्रमाणपत्राचा कायदा आणि २०१२ चे नियम कागद विचारतात, आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा राहण्याचा पुरावा विचारतात. न्यायालयांनीही जुन्या, म्हणजे संविधानाच्या आधीच्या कागदाला जास्त वजन दिलेलं आहे. डीएनएचा अहवाल घेऊन पडताळणी समितीकडं गेलात तर त्याचा उपयोग पिशवी जाड करण्यापुरताच.

डीएनए एक गोष्ट मात्र खरोखर करू शकतो, आणि त्याचीच मला भीती वाटते. एका भावकीतल्या दोन पुरुषांचा मूळपुरुष एक आहे का, हे तो सांगू शकतो. आता विचार करा. आपल्या वंशावळींत दत्तक किती आहेत? वतन बुडू नये म्हणून बहिणीचा, साडूचा, कधी लांबच्याचा पोरगा मांडीवर घेतला, पूजा केली, पत्र केलं, तो घरचा झाला. घरजावयाची पोरं आजोळचं आडनाव लावून राहिली. कायद्यानं आणि रिवाजानं ती त्याच घराण्याची, वाय गुणसूत्रानं नाही. मग चार भाऊबंदांनी किट मागवली आणि एकाचं जुळलं नाही, तर पुढच्या दिवाळीला त्या घरात काय होईल? ज्या बाया आज सांगायला हयात नाहीत त्यांच्यावर बोट जाईल. जमिनीचे वाद आधीच कमी आहेत का? शिवाय थुंकी एकदा पाठवली की ती तुमच्या हातात राहत नाही. अमेरिकेतली ट्वेंटीथ्री अँड मी ही यातली सगळ्यात नावाजलेली कंपनी. २०२३ मध्ये तिच्याकडची सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरांच्या हाती गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. आणि डीएनए तुमचा एकट्याचा नसतो. तुम्ही दिलात म्हणजे भावाचाही अर्धा दिलात, त्याला न विचारता.

डीएनएचा शोध कुठंच कामाचा नाही असं नाही. आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण आहे, बेने इस्राएल लोकांचं. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं, त्यातून वाचलेल्या काही जोडप्यांपासून आपण वाढलो, अशी त्यांची सांगी. कोकणात ते तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणायचे. घरात मराठी बोलायचे, इस्राएलमध्ये गेलेले अजून बोलतात. मूळ सांगणारा कागद मात्र नाही. इस्राएलमध्ये गेल्यावर तिथल्या काही धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी शंका काढली, "तुम्ही पूर्ण ज्यू कशावरून?" या लोकांनी आंदोलन केलं, आणि १९६४ साली त्यांना इतरांच्या बरोबरीचे ज्यू म्हणून मानण्यात आलं. डीएनएचा मोठा अभ्यास आला २०१६ मध्ये. त्यात निघालं की त्यांच्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचाही वारसा आहे आणि इथल्या भारतीय लोकांचाही, आणि ही सरमिसळ साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची. सांगी दोन हजार वर्षांची, हिशेब त्याहून बराच अलीकडचा. पण सांगीत तथ्य होतं. तारखा बघा. हक्क मिळाला १९६४ ला, प्रयोगशाळेचा निकाल आला त्यानंतर ५२ वर्षांनी. हक्काचा प्रश्न रक्त तपासून सुटला नव्हता. माणसं रस्त्यावर बसली आणि सरकारनं निर्णय केला, तेव्हा सुटला.

आपल्याकडंही निर्णयच होत आहेत. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानं हैदराबाद गॅझेटियरचा आधार मान्य केला. त्यावरून लोकांचा गैरसमज खूप आहे. गॅझेटियरमध्ये तुमच्या पणजोबाचं नाव नाही. त्यात जिल्ह्यात कोणत्या जातीची माणसं किती, असे आकडे आहेत, माणसांची यादी नाही. म्हणून त्या निर्णयात गावपातळीवर समिती सांगितली आहे. ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी. ज्याच्याकडं जमिनीचा पुरावा नाही त्यानं १९६७ च्या त्या तारखेआधीपासून इथं राहत असल्याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि कुळातल्या ज्या नातेवाइकाकडं कुणबी दाखला आहे त्यानं हा आमच्याच कुळातला असं शपथेवर सांगायचं. म्हणजे फिरून फिरून गोष्ट भावकीवरच आली. आणि ज्यांचं भावकीशी बांधावरून बोलणं बंद आहे, त्यांनी काय करायचं? हा प्रश्न मला गेल्या वर्षात किमान दहा जणांनी विचारला. उत्तर एकच आहे, जाऊन बोला.

माझं मत स्पष्ट लिहितो. ज्याच्या घराची खरी नोंद आहे त्याला दाखला मिळालाच पाहिजे. तो त्याचा हक्क आहे, कोणी उपकार करत नाही. शाई बदलून, जुन्या वहीत नवा 'कुणबी' घुसडून जे मिळवतात ते खऱ्या नोंदवाल्याचंच नुकसान करतात, कारण मग सगळ्याच वह्यांवर संशय येतो. आणि माळी, धनगर, हटकर, वंजारी, सुतार, न्हावी घरातला माणूस जेव्हा म्हणतो की "आमच्या ताटातला वाटा कमी होईल", तेव्हा त्याला जातीयवादी म्हणून गप्प करू नका. इतर मागासवर्गाचा कोटा १९ टक्के आहे, त्यात माणसं वाढली की वाटा कमी होतोच; हे साधं गणित आहे. कोटा किती असावा, शेती पडली म्हणून पोरांना नोकरी हवी त्याचं काय, फेब्रुवारी २०२४ मध्ये दिलेलं वेगळं दहा टक्के टिकेल की मे २०२१ सारखं सर्वोच्च न्यायालयात पडेल, हे आजच्या सरकारचे प्रश्न आहेत. ते फसली १३५० मध्ये मेलेल्या पणजोबाच्या डोक्यावर ठेवून मोकळं होता येणार नाही.

गॅझेटियरचं दार एकदा उघडलं की तिथं एकच समाज उभा राहणार नाही, हेही दिसलंच. बंजारा बांधवांचा मोर्चा निघाला. त्यांचं म्हणणं पैनगंगेच्या प्रश्नासारखंच आहे. तेलंगणातला लंबाडा १९७६ च्या कायद्यानं अनुसूचित जमातीत, आपल्या तांड्यावरचा त्याचाच मावसभाऊ विमुक्त जातीत. त्यावर आदिवासी समाजाचा आक्षेप आहे, आणि त्यालाही कारण आहे. ज्यांना एका नदीचा न्याय कळतो त्यांना दुसऱ्या सीमेचाही कळायला हवा.

एवढ्या धांदलीत एक चांगलं काम आपोआप झालं आहे, ते वाया जाऊ देऊ नका. पन्नास-साठ वर्षं ज्या बस्त्यांना कोणी हात लावला नव्हता ते उघडले गेले. स्कॅन झाले. ते फक्त 'कुणबी' शब्द शोधण्यासाठी कशाला वापरायचे? त्याच वह्यांत महारवतनाच्या नोंदी आहेत, बलुतेदार आहेत, मुसलमान घरं आहेत, कोणत्या बाईच्या नावावर जमीन होती ते आहे. दलित आणि भूमिहीन घरातल्या पोराला जमिनीच्या कागदात आजोबा सापडत नाही, पण शाळेच्या आणि जन्ममृत्यूच्या वहीत सापडू शकतो. जिल्ह्याच्या साइटवर गाववार, पानवार, सगळी पानं टाका. जातीच्या रकान्यासकट टाका, खाडाखोडीसकट टाका. लपवलेल्या कागदावर दलाल जगतो, आणि दलाल सध्या एका मोडी पानाचे वाटेल ते पैसे मागतायत.

आणि २०२७ ची जनगणना येतेय. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच सगळ्यांची जात लिहिली जाणार आहे. प्रगणक दारात येईल, तुम्ही जे सांगाल ते लिहील.  घरात बसून आधी ठरवा, मग सांगा. आणि घरातल्या बायांची नावं माहेरच्या आडनावासकट कुठंतरी वहीत लिहून ठेवा. मी बघितलेल्या वंशावळींपैकी एकीतही बाईचं नाव नव्हतं.

ज्यांच्या घरी जुने कागद आहेत त्यांच्यासाठी शेवटचं: लॅमिनेशन करू नका, कागद आतून सडतो. सेलोटेप लावू नका. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मोडी असेल तर मला मेसेंजरवर पाठवा, रविवारी बसून वाचून देतो, पैसे लागत नाहीत. उर्दू मला येत नाही. त्यासाठी गावातल्या जुन्या मौलवींना किंवा निवृत्त उर्दू मास्तरांना विचारा. आमच्या इथं एका मराठ्याच्या पोराचा कागद असाच एका मास्तरांनी वाचून दिला आणि वर चहाही पाजला.

कमेंटमध्ये वाद घाला, शिवीगाळ दिसली की डिलीट करीन.